केसभर उशीर

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, बर्फाच्या बंद कारखान्याला खेटून
एक पब आहे, त्याचं छत दर हिवाळ्यात एखादं कौल सांडतं.
नोव्हेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही तिथे जमतो,
सहा जण, कधी सात. यंदा पाच.
ॲल्विन मार्चमध्ये गेला.
त्याचं स्टूल कुणी हलवलं नाही,
पण कोट सगळ्यांनी त्यावरच टाकले.

वाद जुनाच.
सॉल्ट लेन नक्की कधी संपला?
नॉरिस म्हणतो, तिसऱ्या रेकॉर्डनंतर पानिपतच.
हेडली म्हणतो, संपलाच नाही, तुझे कान संपले.
आणि मग विषय रेगवर येतो,
उतारावरचं पाणी गटारात यावं तसा.

रेग थॅकरे. ड्रमवाला.
वल्हं मारणाऱ्यासारखा वाकून बसायचा,
मान खाली, नजर जमिनीत.
समेवर यायला त्याला केसभर उशीर,
दर वेळी, न चुकता,
दार ओढल्यावर कडी पडायला लागतो तेवढाच.

दारू, नॉरिस म्हणतो.
प्रतिभा, हेडली म्हणतो. त्या फटीत
तुझा श्वास अडकतो ना, मेल्या? मग?
मायरानं बावीस कार्यक्रम पाहिलेत,
तिकिटं बिस्किटांच्या डब्यात जपलीत.
ती म्हणते, घड्याळाच्या तालावर कोण नाचतं?
माझ्या मताला किंमत नाही.
बँड फुटला तेव्हा मी नऊ वर्षांचा,
वाट्याला भावाची एक रेकॉर्ड, ओरखडा पडलेली.
चौथं गाणं मध्येच अडखळतं
ते मुद्दाम तसंच बसवलंय, असं मला
लग्न होईपर्यंत वाटत होतं.

भिंतीवर फोटो आहे. बेसवाला कॉलिन स्ट्रॅग,
डाव्या बुटाच्या टोकाला पांढरा ठिपका.
त्यावरही आम्ही दोन हिवाळे भांडलो:
दूध सांडलं, नवस होता, फॅशन होती.

यंदा ग्लेनिस आली.
त्यांची व्हॅन चालवायची ती. आता अठ्ठ्याहत्तरची,
भाचीनं वृद्धाश्रमातून आणली, घरातल्या सपातांवरच.
तासभर ऐकून घेतलं तिनं.
मग म्हणाली, तो रंग मी लावला होता.
खिडकीच्या चौकटीचा उरलेला.

रेग सोळाव्या वर्षापासून जहाजांना रिव्हेट ठोकायचा,
डावा कान तिथेच ठेवून आला.
उजवा मागाहून गेला, हळूहळू, न सांगता.
त्याला तुमचा बँड ऐकू येत नव्हता रे.
तो बघत होता.
कॉलिनचा पाय पडायचा, मग ह्याचा हात.
डोळ्यापासून मनगटापर्यंत
यायला वेळ लागतो की नाही?

शेगडीत काहीतरी खचलं.
पुढे कॉलिन कॅनडाला गेला, बायकोच्या माहेरी.
नवा पोरगा आला, त्याच्या पँटी घंटेएवढ्या,
बूट दिसेनाच.
तुमची ती शेवटची रेकॉर्ड
त्यानं आठवणीवर वाजवलीय सगळी.
कुणाला सांगू नको म्हणाला होता.
आता तो नाही. आणि मी तरी किती दिवस?

नॉरिसनं ग्लास टेबलावर गोल फिरवला.
तरी प्यायचा तो, म्हणाला.
प्यायचा की. ग्लेनिस म्हणाली. तुम्ही काय करताय?

मग कुणीतरी रेकॉर्ड लावली, माझीच होती.
हेडलीचं तोंड उघडलं, तसंच मिटलं.
आम्ही पाचही जण मान खाली घालून
टेबलाखाली बघत राहिलो:
हिरवी सपाता पडते,
मग रेग.
सपाता, मग रेग.

चौथ्या गाण्यात, त्या ओरखड्यापाशी
सुई अडली,
आणि तिचा पाय तसाच वर राहिला.